हिऱ्याची आठ कंपने : रामन–बॉर्न वादापासून नॅनोतारेपर्यंत

२८ फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा तो परिणाम सापडला, ज्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाची कथा शाळाशाळांतून दरवर्षी सांगितली जाते. रामन यांच्या आयुष्यातील आणखी एक कथा मात्र व्यासपीठावर क्वचितच येते. स्फटिकातील अणू कसे कंप पावतात याविषयी त्यांनी एक सिद्धांत मांडला, तो अनेक वर्षे हिरिरीने लढवला, आणि अखेर तो टिकला नाही. चिपमधील उष्णता बाहेर कशी काढावी, वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज कशी मिळवावी, या प्रश्नांवर आज काम करणारे भारतीय संशोधक संगणकावर जे गणित मांडतात, त्याच्या इतिहासात हा वाद मध्यभागी उभा आहे.

वाद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. घन पदार्थातून उष्णता कशी वाहते याचे गणित जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये दिले. तापमानाचा उतार जितका तीव्र, तितका उष्णतेचा ओघ मोठा, हा तो नियम. परंतु वाहते ते नेमके काय, याचे उत्तर त्या नियमात नव्हते. धातूत ते काम मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन करतात. हिरा किंवा सिलिकॉन यांसारख्या पदार्थांत मात्र ते काम अणूंच्या कंपनांकडे असते. स्फटिक म्हणजे स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेल्या गोळ्यांची शिस्तबद्ध मांडणी, अशी कल्पना केली, तर एका टोकाला दिलेला धक्का लाटेच्या रूपाने दुसऱ्या टोकाकडे जातो. १९०७ मध्ये आइन्स्टाइन यांनी या कंपनांना पुंजसिद्धांत लावला. १९१२ मध्ये पीटर डिबाय यांनी आणि स्वतंत्रपणे माक्स बॉर्न व थिओडोर फॉन कारमान यांनी त्याला अधिक वास्तव रूप दिले. या कंपनलाटांच्या पुंजांना पुढे ‘फोनॉन’ हे नाव पडले.

रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये दाखवून दिलेली एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. स्प्रिंगा जर काटेकोर आदर्श असत्या, म्हणजे ताण आणि बल यांचे प्रमाण कधीच ढळत नसते, तर फोनॉन एकमेकांतून आरपार निघून गेले असते. निर्दोष आणि अमर्याद स्फटिकाने उष्णतेला काहीच विरोध केला नसता. खऱ्या स्प्रिंगा किंचित वाकड्या वागतात. त्यामुळे दोन फोनॉन मिळून एक होतो, एकाचे दोन होतात, आणि यांतील काही टकरींत लाटेची दिशाच उलटते. पदार्थ उष्णतेला जो अडथळा करतो तो या टकरींतून येतो. हे समीकरण पायर्ल्स यांनी लिहिले खरे, परंतु खऱ्या पदार्थासाठी ते पूर्णपणे सोडवायला पुढची सुमारे ऐंशी वर्षे जावी लागली.

आता बंगळूरकडे वळू. १९३३ मध्ये रामन भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी जर्मनीत नाझींच्या कायद्यामुळे माक्स बॉर्न यांना ग्योटिंगेन येथील आपले पद गमवावे लागले. जगातील थोर सैद्धांतिक भौतिकज्ञ असा अकस्मात निराधार झालेला पाहून रामन यांनी त्यांना बंगळूरला बोलावले. १९३५–३६ च्या हिवाळ्यात बॉर्न तेथे काही महिने राहिले. त्यांना कायमचे पद मिळावे म्हणून रामन यांनी प्रयत्न केला, परंतु संस्थेतून विरोध झाला आणि तो बेत फसला. बॉर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेले. पुढच्या वर्षी रामन यांनाही संचालकपद सोडावे लागले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८ पर्यंत संस्थेत राहिले. ज्या दोघांनी एकत्र काम करावयाचे होते, ते काही वर्षांतच नियतकालिकांच्या पानांवरून एकमेकांसमोर उभे ठाकले.

बॉर्न यांच्या सिद्धांतात स्फटिकाच्या कंपनांचे वर्णपट जवळजवळ अखंड असतात. अणूंची संख्या प्रचंड, म्हणून संभाव्य लाटांची संख्याही प्रचंड, आणि त्यांच्या वारंवारता एकमेकींना खेटून बसलेल्या. गणित सुटावे म्हणून बॉर्न यांनी एक युक्ती वापरली होती. स्फटिकाची एक कड दुसऱ्या कडेला जोडलेली आहे, जणू स्फटिकाला पृष्ठभागच नाही, असे त्यांनी मानले. रामन यांना ही युक्ती मुळीच मान्य नव्हती. खऱ्या स्फटिकाला कडा असतात, त्या पुसून टाकणारे गणित निसर्गाचे वर्णन कसे करील, असा त्यांचा आक्षेप होता.

१९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपला पर्याय मांडला. स्फटिकाचे सर्वांत लहान पुनरावृत्त होणारे घर म्हणजे युनिट सेल. शेजारच्या दोन घरांतील समतुल्य अणू एक तर एकाच दिशेने हलतील किंवा नेमके विरुद्ध दिशेने, असे रामन यांनी धरले. तिन्ही दिशांना घर दुप्पट केले की आठ घरांचा एक समूह होतो. घरात अणू p असतील तर समूहात ८p अणू, प्रत्येकाला हालचालीच्या तीन दिशा, म्हणून २४p कंपने. सगळा समूहच सरकण्याच्या तीन हालचाली वजा केल्या की उरतात २४p – ३. हिऱ्यात p म्हणजे २, म्हणून ४५. हिऱ्याच्या उच्च सममितीमुळे यांतील अनेक कंपनांची वारंवारता एकच येते, आणि शेवटी वेगवेगळ्या अशा फक्त आठ वारंवारता उरतात. रामन यांच्या मते हिऱ्याच्या वर्णपटात याच आठ वारंवारता असल्या पाहिजेत. विशिष्ट उष्णतेचा हिशेबही याच मोजक्या कंपनांतून लागावा, असा त्यांचा आग्रह होता.

हा केवळ कागदी दावा नव्हता. रामन यांचे सहकारी आर. एस. कृष्णन यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या जंबुपार प्रकाशात हिऱ्याचा दुय्यम रामन वर्णपट टिपला. हे प्रकीर्णन इतके अंधूक की छायाचित्राच्या काचा दीर्घकाळ उघड्या ठेवाव्या लागत. त्या काचांवर मंद पट्ट्यांबरोबर काही स्पष्ट, टोकदार शिखरेही उमटली. रामन यांना हाच आपल्या सिद्धांताचा पुरावा वाटला. वर्णपट अखंड असेल तर त्यात टोकदार शिखरे येतील कुठून? प्रश्न रास्त होता, आणि त्या वेळी त्याला कोणाकडे तयार उत्तर नव्हते. प्रयोग निर्दोष होता, म्हणूनच वाद चिघळला.

उत्तर आले ते तीन बाजूंनी, आणि तिन्ही गणिताच्या. १९४४ मध्ये बॉर्न यांचे सहकारी वॉल्टर लेडरमान यांनी सिद्ध केले की स्फटिक पुरेसा मोठा असेल तर कडांविषयी काहीही गृहीत धरले तरी वारंवारतांचे वितरण जवळजवळ तेच येते, कारण कडेवरच्या अणूंचे प्रमाण नगण्य असते. १९४८ मध्ये एडिंबरोतीलच हेलन स्मिथ यांनी हिऱ्याच्या दुय्यम वर्णपटाचे प्रत्यक्ष आकडेमोड करून गणित मांडले, आणि अखंड वर्णपटाच्या सिद्धांतातूनही कृष्णन यांच्या काचांवरील मुख्य वैशिष्ट्यांचा उलगडा होऊ शकतो हे दिसले. १९५३ मध्ये लेऑन फान होव्ह यांनी या मागचे कारण स्पष्ट केले. लाटेची लांबी बदलत गेली की तिची वारंवारता बदलते, परंतु काही विशेष ठिकाणी हा बदल क्षणभर थांबतो. तेथे पुष्कळ लाटा जवळजवळ एकाच वारंवारतेवर गोळा होतात, आणि अखंड वर्णपटातही तीक्ष्ण वळणे व शिखरे उभी राहतात.

या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट पुढे उमगली. रामन यांची आठ कंपने काल्पनिक नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर ती फोनॉनांच्या नकाशावरील तीन विशेष ठिकाणची कंपने आहेत. त्या ठिकाणांना गॅमा, एक्स आणि एल म्हणतात. सममितीमुळे अशा ठिकाणी वारंवारतेचा आलेख सपाट होण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मोजमापात शिखरे त्यांच्या आसपास दिसतात. रामन यांनी हे बिंदू अचूक हेरले. त्यांची चूक एवढीच, की नकाशावरची ठळक शहरे पाहून त्यांनी मधला सगळा प्रदेश नाकारला. आणि उष्णता तर त्या मधल्या प्रदेशातूनच वाहते.

मधला प्रदेश प्रत्यक्ष मोजून दाखवण्याच्या कामात एक भारतीय होता. तिरुनेलवेलीचे पी. के. अय्यंगार मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. तेथून ते १९५६ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे गेले. मंद न्यूट्रॉन स्फटिकावर आदळला की तो फोनॉनला ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो. परतणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा आणि दिशा मोजली की त्या फोनॉनची वारंवारता व लांबी दोन्ही कळतात. ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांनी या रीतीने जर्मेनियमची कंपने मोजली आणि १९५७–५८ मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मेनियमची रचना हिऱ्यासारखीच आहे. त्यांच्या आलेखावर सुटे ठिपके न दिसता लांबीप्रमाणे हळूहळू चढत-उतरत जाणाऱ्या रेषा दिसल्या. बॉर्न यांनी १९१२ मध्ये कागदावर मांडलेले चित्र असे डोळ्यांसमोर आले. ब्रॉकहाउस यांना न्यूट्रॉन वर्णपटमापनासाठी १९९४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अय्यंगार परत आले आणि तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांभोवती न्यूट्रॉन प्रकीर्णनाची भारतीय परंपरा उभी राहिली. १९५६ मध्ये सुरू झालेली ‘अप्सरा’ आणि १९६० मधील ‘सायरस’ या भट्ट्यांवर देशातच बनवलेली उपकरणे चालू लागली. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची न्यूट्रॉन प्रकीर्णनावरील परिषद मुंबईत भरली. याच परंपरेतील जी. वेंकटरामन यांनी सहलेखकांसह लिहिलेला ‘डायनॅमिक्स ऑफ परफेक्ट क्रिस्टल्स’ हा ग्रंथ १९७५ मध्ये निघाला. पुढे याच वेंकटरामन यांनी रामन यांचे विस्तृत चरित्र लिहिले, आणि त्यात या वादाची मोकळेपणाने चिकित्सा केली. ते १९८८ मध्ये प्रसिद्ध केले भारतीय विज्ञान अकादमीने, म्हणजे रामन यांनीच १९३४ मध्ये स्थापलेल्या संस्थेने. गुरुस्थानी असलेल्या माणसाची चूक त्याच्याच घरी, आदर न सोडता नोंदवली गेली. एखाद्या देशातील विज्ञान वयात आल्याची खूण यापेक्षा वेगळी काय असते?

दरम्यान संगणकाचा प्रवेश झाला होता. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथे एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टानिस्लाव उलाम यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘मॅनिअ‍ॅक’ या यंत्रावर एक साधा वाटणारा प्रयोग केला. त्याचे प्रोग्रॅमिंग मेरी त्सिंगू यांनी केले. स्प्रिंगांनी जोडलेल्या ३२ किंवा ६४ कणांची रांग, स्प्रिंगा किंचित वाकड्या. सगळी ऊर्जा सर्वांत लांब लाटेला द्यावयाची आणि ती हळूहळू इतर लाटांत कशी वाटली जाते ते पाहावयाचे. पायर्ल्स यांच्या चित्राप्रमाणे ऊर्जा सर्वत्र पसरायला हवी होती. ती थोडी पसरली, आणि बऱ्याच काळाने जवळजवळ सगळी पहिल्या लाटेत परत आली. १९५५ च्या त्या अहवालाने एक अस्वस्थ करणारा प्रश्न मागे ठेवला. स्प्रिंगा वाकड्या असणे एवढ्यानेच फूरिये यांचा नियम मिळतो का?

या प्रश्नाचा धागा भारतीय सैद्धांतिकांनी समर्थपणे पुढे नेला. १९९७ मध्ये इटलीतील स्तेफानो लेप्री, रोबेर्तो लिवी आणि अंतोनिओ पोलिती यांनी संगणकावर दाखवले की अशा एकपदरी साखळीची उष्णतावाहकता लांबीबरोबर वाढतच जाते. म्हणजे तिला पदार्थाचा ठराविक गुणधर्म म्हणताच येत नाही. २००२ मध्ये ओनुत्तम नारायण आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीराम रामस्वामी यांनी सिद्धांताच्या आधारे भाकीत केले की ही वाढ लांबीच्या एक-तृतीयांश घाताने व्हावी. अभिषेक धर यांनी २००८ मध्ये लिहिलेला या विषयाचा आढावा जगभर आधारभूत मानला जातो. ते तेव्हा रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होते. संस्था रामन यांची, आणि प्रश्न बॉर्न यांच्या परंपरेतला.

नॅनो आकाराच्या वस्तू प्रयोगशाळेत बनू लागल्यावर या चर्चेला हातात धरता येईल असा आधार मिळाला. आयआयटी मुंबईतून १९८५ मध्ये पदवी घेऊन बर्कलीला गेलेले अरुण मजुमदार यांनी १९९३ मध्ये पातळ पापुद्र्यातील उष्णतावहनासाठी एक वेगळी मांडणी केली. पापुद्रा जर फोनॉनच्या दोन टकरींमधील अंतरापेक्षा पातळ असेल, तर उष्णता पाझरत जात नाही. ती प्रकाशासारखी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाते. सिलिकॉनमध्ये सामान्य तापमानाला जवळजवळ निम्मी उष्णता नेणाऱ्या फोनॉनांचे हे अंतर एक मायक्रॉनच्या वर असते, हे नंतरच्या गणितांतून दिसले. आजच्या चिपमधील ट्रान्झिस्टर त्याहून कितीतरी लहान आहेत. २००३ मध्ये मजुमदार आणि सहकाऱ्यांनी एकेकट्या सिलिकॉन नॅनोतारेची उष्णतावाहकता मोजली. सिलिकॉनच्या मोठ्या तुकड्यात ती सुमारे १४८ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन असते. २२ नॅनोमीटर जाडीच्या तारेत ती १० च्याही खाली उतरली. पदार्थ तोच होता, अणूही तेच होते. फोनॉनांना भिंती जवळ आल्या होत्या, एवढाच फरक.

पायर्ल्स यांचे समीकरण कोणताही आकडा उसना न घेता सोडवणे २००७ मध्ये शक्य झाले. डेव्हिड ब्रॉइडो आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन व जर्मेनियम यांच्यासाठी ते केले. ही रीत आता जगभर रूढ आहे. पुंजयामिकीच्या गणिताने अणूंमधील बले काढावयाची. एक-दोन अणू किंचित सरकवून स्प्रिंगा किती ताठ आणि किती वाकड्या आहेत ते मोजावयाचे. मग फोनॉनांच्या लक्षावधी संभाव्य टकरींची बेरीज करावयाची. अणू सरकवण्यासाठी संगणकात अनेक घरांचा एक मोठा समूह घेतला जातो. तो समूह तिन्ही दिशांना दुप्पट घेतला, तर हिऱ्यासाठी जी कंपने थेट मिळतात ती नेमकी रामन यांचीच आठ. पुढची पायरी मात्र बॉर्न यांची. अणूंमधील बले अंतराबरोबर लवकर मंदावतात याचा आधार घेऊन त्या मोजक्या बिंदूंवरून मधला सगळा प्रदेश भरून काढला जातो. प्रतिपक्षी म्हणून लढलेली दोन चित्रे आज एकाच प्रोग्रॅमच्या दोन पायऱ्या झाली आहेत.

संगणकाच्या उत्तरावर डोळे झाकून विसंबू नये, हा धडाही याच क्षेत्राने दिला. २०१३ मध्ये या रीतीने बोरॉन आर्सेनाइडची उष्णतावाहकता २००० च्या वर, म्हणजे जवळपास हिऱ्याइतकी येईल असे भाकीत झाले. त्या गणितात फक्त तीन फोनॉनांच्या टकरी धरल्या होत्या. २०१७ मध्ये चार फोनॉनांच्या टकरी धरल्यावर आकडा सुमारे १४०० वर आला. २०१८ मध्ये तीन गटांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा तो १००० ते १३०० च्या दरम्यान निघाला. क्षुल्लक म्हणून वगळलेल्या गोष्टीने उत्तराचा मोठा हिस्सा खाल्ला होता. तरीही तांब्याच्या सुमारे ४०० च्या तुलनेत हा आकडा फार मोठा आहे, आणि गणित नसते तर या पदार्थाकडे कोणी वळलेच नसते.

भारतात या गणिताचा उपयोग उलट दिशेनेही होतो. वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करणाऱ्या पदार्थात वीज सहज वाहावी आणि उष्णता अडखळावी लागते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील कनिष्क बिस्वास यांचा गट असे पदार्थ बनवतो, आणि त्याच केंद्रातील उमेश वाघमारे त्यांचे पुंजगणित मांडतात. २०२१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळले होते. त्यामुळे अणूंची मांडणी अधिक सुव्यवस्थित झाली आणि काही नॅनोमीटर आकाराच्या प्रदेशांनी फोनॉनांची वाट अडवली. औष्णिक-विद्युत गुणवत्तेचा अंक ५७३ केल्विनला २.६ पर्यंत गेला. अशा गणितांना लागणारी संगणकशक्ती आता देशात वाढते आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणक अभियानातून भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉपचा महासंगणक उभा राहिला.

शेवटी पुन्हा कडांच्या प्रश्नाकडे यावे लागते. दर कडेला चार कोटी अणू असलेल्या घनात, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर स्फटिकात, एक कोटी अणूंमागे एखाद-दोनच पृष्ठभागावर असतात. तेथे लेडरमान यांचा निष्कर्ष अढळ आहे आणि कडांविषयीचा रामन यांचा आक्षेप फोल ठरतो. परंतु दर कडेला फक्त २० अणू असलेला घन घ्या. एकूण ८००० अणूंपैकी २१६८, म्हणजे २७ टक्के, पृष्ठभागावर येतात. कडा पुसून टाकणारे गणित येथे चालत नाही. नॅनोतारेचे प्रारूप करणाऱ्याला पृष्ठभाग किती खडबडीत, त्यावर कोणता थर, कोणता फोनॉन तेथून कसा उलटेल, हे सगळे लिहावेच लागते. म्हणून रामन बरोबर होते असे होत नाही. त्यांनी तो आक्षेप सेंटिमीटरभर हिऱ्याविषयी घेतला होता, आणि तेथे ते चुकले होते. पण स्फटिकाला कडा असतात हे त्यांचे म्हणणे त्या वेळच्या वादाबरोबर संपले नाही. नॅनो आकाराच्या वस्तूंसाठी तेच वाक्य आता प्रत्येक गणिताच्या आरंभी लिहावे लागते.